भोंडागडचा शेर्पा

राही लग्न होऊन वरच्या वाडीत आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूने तिला हंडा बांधायला शिकवलं. पाठीला बांधायला. सात घरांची ही वाडी भोंडागडाच्या खांद्यावर होती. फाल्गुन लागला की वाडीतला झरा आटायचा आणि मग पाणी उरायचं ते फक्त गडाच्या माथ्यावर, कातळात खोदलेल्या टाक्यात. माथ्याकडे जाणारी एक वाट डोंगराला वळसा घालून दीड तास खायची. दुसरी नाकासमोर सरळ वर, कड्यातून. त्या कड्यात कधीकाळी कुणीतरी पाऊल रुतेल एवढ्या खोबणी खोदून ठेवल्या होत्या. बायका रिकामा हंडा पाठीशी आवळून त्या खोबणींनी वर जायच्या आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन लांबच्या वाटेने खाली यायच्या. पुरुष कड्याच्या वाटेला जात नसत. पाणी भरणं हे पुरुषांचं काम नव्हतं, त्यामुळे ती वाट अवघड की सोपी हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. तिचं नावही 'बायांची वाट' एवढंच.

राहीचा नवरा कोंडाजी स्वभावाने गोगलगाय. जन्म डोंगरावरचा, पण लहानपणापासून दमेकरी. चार पावलं चढला की छातीचा भाता सुरू. म्हणून तो ओटीवर बसून अंबाडीचे दोर वळायचा. दोर मात्र असे वळायचा की नागावचे बागायतदार माडावर चढायला त्याचाच दोर मागत. आपण वळलेल्या दोराने दुसरा चढतो, यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. भातं झोडून झाली की वाडीतले बाकीचे पुरुष मिठागरांवर नाहीतर मुंबईला कामाला जायचे. मग चार महिने वाडीत बाप्या म्हणावा असा कोंडाजीच एकटा.

एव्हरेस्ट सर होऊन दोन वर्षं झाली होती, त्या साली मार्गशीर्षात मुंबईची माणसं पहिल्यांदा भोंडागडावर आली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून यष्टीने पायथ्याला, आणि पुढे पायी. आठ जण होते. अंगात गरम कोट, पायांत खिळे मारलेले बूट आणि खांद्यांवर दोरांची वेटोळी. उन्हाने सगळे लालबुंद झाले होते. त्यांच्या पुढे होते दिनानाथ कारखानीस.

दिनानाथ फोर्टमधल्या एका विमा कंपनीत कारकून होते. साहेबाच्या खोलीत शिरण्याआधी दारावर तीनदा टकटक करून, पुन्हा एकदा खाकरणारा हा माणूस खांद्याला दोर लागला की सेनापती व्हायचा. 'शिखरप्रेमी मंडळा'चे अध्यक्ष, मोहीमप्रमुख आणि इतिहासकार तेच होते. वाडीत पाऊल टाकताच त्यांनी मारुतीच्या देवळाकडे काठी रोखून जाहीर केलं, "बेस कॅम्प इथे." मारुतीला कुणी विचारलं नाही.

मग ते कोंडाजीकडे वळले. "आम्हाला शेर्पा लागतील."

"मिळंल की," कोंडाजी दोर बाजूला ठेवून म्हणाला, "पर शेरभर पुरंल, का पायलीभर काडू?"

दिनानाथांनी समजावून सांगितलं. शेर्पा म्हणजे हिमालयातला डोंगरवाघ, बर्फाला न भिणारा, शिखराचा सोबती. कोंडाजीने मागे वळून पाहिलं. आपल्या पाठीमागे कुणी उभं असेल आणि हे त्याच्याशी बोलत असतील, असं त्याला वाटलं.

"मला दमा हाय सायेब. वजं ही उचलंल," त्याने राहीकडे बोट केलं.

"बाई?" दिनानाथांच्या कपाळाला आठी पडली. "मोहिमेच्या अहवालात बाई कशी दाखवायची?"

मंडळींत एक मुलगी होती, सत्यवती, गिरगावातल्या शाळेत शिकवणारी. ती म्हणाली, "मग मला कशी दाखवणार?"

"तू सभासद आहेस," दिनानाथ म्हणाले आणि विषय संपला.

शेवटी तोड निघाली. मंडळाने आणलेली लोकरीची कानटोपी कोंडाजीच्या डोक्यावर चढली. तो काठी टेकत पुढे चालणार, आणि त्याच्या मागून पत्र्याची ट्रंक, तंबू आणि शेगडी डोक्यावर घेऊन राही. अहवालात लिहिलं गेलं: शेर्पा – एक, सामान – दीड मण. दीड मण सामान कड्याखाली कसं पोचलं, ते अहवालाने सांगितलं नाही. सामानाला पाय असावेत.

कड्याला दिनानाथांनी 'उत्तर भिंत' असं नाव दिलं आणि तिला वेढा घातला. वर कुणी जायचं नाही, दगड पडतील, असा हुकूम सुटला. तीन दिवस ठाकठूक चालली होती. कातळात लोखंडी मेखा ठोकायच्या, दोर अडकवायचा, एकमेकांना इंग्रजीत ओरडून सांगायचं आणि संध्याकाळी खाली येऊन कोको प्यायचा. इकडे माथ्यावरचं वाळलं गवत कापायचं राहिलं होतं आणि मनुबाईची म्हैस उपाशी होती. मनुबाई म्हणजे राहीची शेजारीण. तोंडात सदा मिश्री आणि हुकूम कुणाचाही असो, तो न ऐकण्याची सवय. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने राहीला हाक मारली आणि दोघी नेहमीच्या वाटेने वर गेल्या.

दहाच्या सुमाराला दोघी भारे बांधून कड्याच्या टोकाशी बसल्या असताना कडेवर एक हात आला. मग दुसरा. मग धापा टाकणारं एक लाल तोंड. मनुबाईने मनगटाला धरून दिनानाथांना वर ओढून घेतलं, जसं रेडकाला चिखलातून ओढतात तसं.

दिनानाथ पालथे पडून म्हणाले, "जिंकलो!"

"कोनाला?" मनुबाईने विचारलं.

दिनानाथांनी मान वर केली. दोन बायका, दोन विळे, दोन भारे. "तुम्ही… लांबच्या वाटेनं आलात ना?"

"न्हाय वो, हितूनच," राही म्हणाली. "तुमी निजलेलं तवा."

दिनानाथांनी क्षणभर विचार केला आणि हे आपण ऐकलं नाही असं ठरवलं. बाकीची मंडळी एकेक करून वर आली, झेंडा रोवला गेला, कॅमेरा निघाला. "बाई, जरा बाजूला सरा," दिनानाथ म्हणाले, "फोटोत गवत येतंय."

राही सरली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. हसूच येत होतं. पण विजयाच्या भरात मंडळी टाक्यावर गेली, कपडे काढले, आणि साबण लावून टाक्यात उतरली, तेव्हा तिचं हसू मावळलं. पांढरा फेस पाण्यावर तरंगू लागला. चैत्र-वैशाखात सात घरं हेच पाणी पिणार होती.

"अवो सायेब, बाहीर या! प्याचं पानी हाय!"

"वाहून जाईल, बाई," पाण्यातून उत्तर आलं.

"वाहील कुटनं? टाकं हाय ते, नदी हाय का!"

हेही दिनानाथांनी ऐकलं नाही. त्यांच्या कानात पाणी गेलं असावं.

महिन्याभराने थळची कोळीण सुकट विकायला वर आली. तिच्या टोपलीत सुकटीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात कोंडाजी होता, कानटोपीसकट. सत्यवतीने पाठवलेला त्याच वर्तमानपत्राचा दुसरा अंक पोस्टाने आला, तो पायथ्याच्या मास्तरांनी वाचून दाखवला: 'भोंडागडाच्या उत्तर भिंतीवर पहिले मानवी पाऊल. शेर्पा कोंडाजीची मोलाची साथ.'

मनुबाईने आपल्या पायांकडे बघितलं. "मंग आपली काय खुरं हाईत व्हय गं?"

वाडी पोट धरून हसली. पण हसून झाल्यावर मनुबाईच्या लक्षात आलं की यात काहीतरी आहे. कारण दुसऱ्या हिवाळ्यात दुसरं मंडळ आलं. त्यांना उत्तर भिंत पहिल्यांदा सर करायची होती. शिखरप्रेमी मंडळाचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, त्यांनी डावीकडून केली, आम्ही उजवीकडून. तिसरं मंडळ आलं, त्यांना रात्रीचं चढायचं होतं. चौथ्याला दोराशिवाय, पण मेखांसकट. प्रत्येकाला पहिलं व्हायचं होतं आणि प्रत्येक पहिल्याला चढण्याआधी चहा लागत होता. मनुबाईने देवळामागे चुलाण मांडलं. चहा, उकडलेली अंडी आणि नाचणीची भाकरी. वाडीतल्या बारक्या पोरांनीसुद्धा एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: "न्हाय सायेब, हितनं अजून कोनच न्हाय चडलं." पाठोपाठ पाच मंडळांनी उत्तर भिंत पहिल्यांदा सर केली. मेखा मागे राहायच्या, त्या वाडी उपटून आणायची आणि त्यांना शेरडं बांधायची.

कोंडाजीलाही आता रंग चढला. चैत्रातल्या उन्हातसुद्धा तो कानटोपी काढेना. कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या, तरी शेर्पा तो शेर्पा. आल्या-गेल्याला तो चढाईच्या गोष्टी सांगायचा. वीज कोसळताना आपण कड्यात कसे लटकलो, घार कशी डोळ्यांवर आली, मग आपण एका हाताने तिला कसं हाकललं. एकदा रंगात येऊन बर्फही पडला म्हणाला. हे चाललेलं असताना राही आत जाऊन पदर तोंडात कोंबायची.

"खोटं बोलाय लाज न्हाय वाटत?" तिने एकदा विचारलं.

"मी कुटं बोलतो?" कोंडाजी खरोखरच्या निरागसपणाने म्हणाला. "त्यांनीच म्हनलं शेर्पा. आता पाव्हन्याला न्हाय कसं म्हनायचं?"

अशी सहा वर्षं गेली. बासष्टच्या फाल्गुनात दिनानाथ पुन्हा आले. आता त्यांना पोट सुटलं होतं आणि कचेरीत बढतीही मिळाली होती. पहिल्या चढाईच्या स्मृत्यर्थ त्यांना भिंत एकट्याने चढायची होती. बाकीची मंडळी लांबच्या वाटेने वर जाऊन टाळ्या वाजवायला उभी राहिली. अर्ध्या कड्यात दिनानाथांचा दोर कपारीत अडकला, पोटरीत गोळा आला, आणि ते कातळाला पालीसारखे चिकटून बसले. वर जाता येईना, खाली येता येईना. वरची मंडळी वरून धीर देत होती. धीर देण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं.

सत्यवती खाली होती. ती वाडीत धावत आली. "शेर्पा! शेर्पा कुठे आहेत?"

कोंडाजी ओटीवर होता, टोपी घालून. तो ताडकन उठला. कड्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या गोष्टी त्याच्या तोंडावरून सरकन उतरल्या. मग तो खाली बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "राहे."

राही हंडा घेऊन निघालेलीच होती. तिने हंडा ठेवला, काष्टा घट्ट केला आणि निघाली. दहाएक मिनिटांत ती दिनानाथांच्या पायांशी पोचली.

"कोण? शेर्पा?" वरून कापरा आवाज आला. खाली बघायची दिनानाथांची छाती नव्हती.

"शेर्पाची बायको. बूट काडा."

"बूट? हे लंडनहून मागवलेत!"

"मंग लंडनास्नं मानूसबी मागवा, तुमाला सोडवाय."

 मग एका पायातला बूट सुटला, कातळावर आपटत खाली गेला. मग दुसरा.

"आता मी तुमचा पाय धरीन आनि खोबनीत ठेवीन. मी सांगीन तवाच वजन टाका. पर त्याच्या आदी येक काम हाय. वरच्या टाक्यात कोन साबन लावनार न्हाय, असं बोला."

"अहो बाई, ही काय वेळ आहे?"

"हीच येळ हाय. खाली उतरल्यावर तुमाला ऐकू येत न्हाय."

"बरं, बरं. लावणार नाही."

"मारुतीची शप्पत घ्या."

"मी देव मानत नाही."

 राही खोबणीत पाय रोवून शांत उभी राहिली. तिला घाई नव्हती; अशी उभी राहून तिने कित्येकदा पुढच्या बाईची वाट पाहिली होती. वर दिनानाथांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या.

"मारुतीची शपथ," दिनानाथ म्हणाले.

"झालं मंग. डावा पाय सोडा. डावा म्हनले, सायेब! कचेरीत डाव्याला काय म्हनतात?"

एकेक पाऊल हातात धरून, खोबणीत बसवून, मधेच एक म्हशीला देतात तशी शिवी हासडून तिने त्यांना खाली आणलं. जमिनीला पाय लागताच दिनानाथ मटकन बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. राहीला त्यांची दया आली. तिने त्यांना आडोशाला बसवलं, मनुबाईकडून गूळ आणून दिला आणि हंडा बांधून पाण्याला गेली. उशीर झाला होता.

पंधरा दिवसांनी बातमी आली: 'शेर्पा कोंडाजी यांनी प्राणांची पर्वा न करता मोहीमप्रमुखांना वाचवले.' सत्यवती दिनानाथांशी भांडली. दिनानाथ कृतघ्न नव्हते. ओशाळवाणे झाले होते. पण ते म्हणाले, "सहा वर्षं अहवालात कोंडाजीच आहे. आता मधेच शेर्पा बदलला, तर आधीच्या मोहिमांचं काय?" विमा कंपनीत मुरलेल्या माणसाला कागदाला कागद जुळायला लागतो. मात्र घेतलेली शपथ त्यांनी पाळली. टाक्यावर इंग्रजीत रंगवलेली पत्र्याची पाटी लागली. वाडीत ती कुणालाच वाचता येत नव्हती, पण वाडीने टाक्यात कधी साबण लावलाही नव्हता. ज्यांना वाचता येत होती ते वाचून कपडे पुन्हा घालायचे.

वैशाखात मुंबईला शेर्पा कोंडाजीचा सत्कार ठरला. कोंडाजी नको नको म्हणत होता. पण पत्रिका छापल्या होत्या, त्यावर त्याचं नाव होतं, आणि यष्टीची, लाँचची तिकिटं सत्यवतीने स्वतः आणून दिली होती. दोघांची. राहीने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि दोघं निघाली.

दादरचा हॉल खच्चून भरला होता. राही बायकांत, सत्यवतीशेजारी बसली. व्यासपीठावर चार साहेब आणि मध्ये हार घातलेला, टोपी चढवलेला कोंडाजी. भाषणांत तो डोंगरवाघ झाला, सह्याद्रीचा सुपुत्र झाला, निसर्गाचं लेकरू झाला. ऐकता ऐकता तो खुर्चीत बारीक बारीक होत चालला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "शेर्पा कोंडाजींनी दोन शब्द बोलावेत."

कोंडाजी उठला. समोर दांड्यावर बसवलेल्या भोंग्याला काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने त्याला नमस्कार केला. मग त्याने टोपी काढली.

"मला चडाय येत न्हाय," तो म्हणाला. "मला दमा हाय. त्या वाटंला मी अजून पायबी लावलेला न्हाय. सायबांना काडलं ते माज्या बायकोनं. ती तितं रोज चडती. पान्यासाठनं."

 मग टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उठले आणि त्यांनी भोंगा आपल्याकडे ओढला. "ही पाहा, मंडळी, ही डोंगरातली नम्रता! आपलं सारं श्रेय पत्नीच्या पदरात टाकणारा हा…"

"नम्रता न्हाय वो," कोंडाजी काकुळतीने ओरडला, "दमा हाय!"

हॉल खळखळून हसला. टाळ्या दुप्पट झाल्या. त्याच्या खांद्यावर शाल पडली, छातीला पदक लागलं. दिनानाथ पहिल्या रांगेत मान खाली घालून टाळ्या वाजवत होते. राहीला आधी हसू फुटलं होतं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते तिथेच विरलं. आजवर तो एवढं खोटं बोलला, पण असा रडवेला कधी झाला नव्हता.

दोघं लाँचने परतली. धरमतरच्या खाडीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा त्याने शाल काढून राहीच्या अंगावर टाकली. "खरं बोललो तरी कोनी ऐकलं न्हाय," तो म्हणाला.

"मी ऐकलं की," राही म्हणाली.

त्यानंतर कोंडाजीने कानटोपी घातली नाही. मुंबईकर आले की तो मागच्या दाराने गोठ्यात जाऊन बसायचा. पण गड म्हटला की शेर्पा पाहिजेच. मनुबाईने ती टोपी झटकून आपला दीर सदा याच्या डोक्यावर घातली. सदा मिठागरावरून नुकताच परत आला होता आणि त्याने उत्तर भिंत कधी जवळून पाहिलीही नव्हती. आठवड्याभरात त्याच्याही गोष्टीत घार आली.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. राही सकाळी हंडा पाठीला बांधत होती. कोंडाजी ओटीवरून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"मला ने," तो म्हणाला.

"कुटं?"

"त्या वाटंनं."

राहीने त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. "दम लागला तर?"

"लागंल. थांबू."

उन्हं तापायच्या आत दोघं कड्याशी पोचली. मंडळ नव्हतं, मेख नव्हती, कॅमेरा नव्हता. कोंडाजीने स्वतः वळलेला अंबाडीचा दोर कमरेला बांधला, त्याचं दुसरं टोक राहीच्या कमरेला. ती दोन खोबणी वर जाऊन बसायची, तो एक चढायचा, छातीचा भाता हालवत कातळाला गाल लावून उभा राहायचा. ती त्याला घाई करत नव्हती. खालच्या बाजूला बघू नका, एवढंच अधूनमधून सांगायची. एरवी ती ज्या कामाला अर्धा तास लावायची, त्याला आज दुपार झाली. शेवटच्या खोबणीशी तो अडला. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला वर घेतलं.

बराच वेळ तो उताणा पडून श्वास घेत राहिला. मग उठून बसला. समोर मुरुडच्या अंगापर्यंत समुद्र पसरला होता, माडांच्या बागा काळ्या रेघेसारख्या दिसत होत्या. एवढ्या वर्षांत त्याने आपली वाडी वरून कधी पाहिली नव्हती. सात छपरं, चुलाणाचा धूर, दावणीची शेरडं.

"लय भारी चडलो," तो म्हणाला.

"चडलात खरं."

"आता उतरायचं कसं?"

राही मनापासून हसली. तिने फडक्यातली भाकरी सोडली, टाक्यातून ओंजळीने त्याला पाणी पाजलं, हंडा भरला. लांबच्या वाटेने उतरताना तो हट्टाने हंडा मागू लागला. तिने आधी नाही म्हटलं, मग चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवून वर हंडा चढवला. डोक्यावर वजन घेऊन चालायची सवय नव्हती, पाणी दर पावलाला हिंदकळून त्याच्या मानेवर सांडत होतं. घरी पोचेपर्यंत हंडा अर्धा झाला होता. राहीने तो उतरवून घेतला, चुलीशी ठेवला आणि त्यातलंच पाणी घेऊन भाताला आधण चढवलं.